सभासद क्रमांक एकचा सत्कार

ती. मामांना सविनय नमस्कार.

तुमचे गुडघे आता बरे असतील असे धरून चालतो. (आईने दोनदा विचारायला सांगितले आहे, म्हणून पुन्हा: गुडघे कसे आहेत?)

तुमच्या शब्दावर मिळालेली नोकरी अजून टिकवून आहे. तरुणांनी व्हेप (म्हणजे ती विजेवरची सिगारेट) सोडावा म्हणून आमच्या केंद्रातून दिवसाला सात मेसेज जातात. “मित्रा, आत्ता ओढावंसं वाटतंय का? हो असेल तर १, नाही तर २ पाठव.” इतक्या मायेने मला घरी कुणी जेवलास का म्हणूनही विचारत नाही. तरुण मंडळीही फार कृतज्ञ आहेत. एकाने माझ्या मागच्या पिढ्यांची विचारपूस केली. दुसऱ्याने कळवले, “विसरलोच होतो रे, बरी आठवण केलीस. चाललो गच्चीवर.”

मेसेज गेला की नाही हे कळावे म्हणून यादीत पहिला नंबर मी माझाच घातला. (आमच्या केंद्रप्रमुख मॅडमना नावे दिसत नाहीत, फक्त क्रमांक दिसतात.) प्रश्न आला की उत्तर द्यायचे, हा माझा स्वभाव. तीन आठवडे इमानाने २ पाठवले. पण दिवसातून सात वेळा कुणी “वाटतंय का?” विचारले, की माणूस आत डोकावून बघतोच. चौथ्या आठवड्यात १ पाठवावा लागला. खोटे कसे लिहिणार? सोडणाऱ्यांनी आपापले व्हेप टाकावेत म्हणून ठेवलेली पेटी माझ्याच टेबलाखाली असते, किल्लीही माझ्याकडेच. त्यातल्या एकाला कलिंगडाचा वास येतो, मामा. (आधी स्पिरिटने पुसून घेतला होता. दोनदा.)

मॅडम भलत्याच खूश आहेत. “एक नंबरचा मुलगा बघ, एकही प्रश्न चुकवत नाही! घसरतो, पण खरं सांगतो. शुक्रवारी त्याचा सत्कार करू. लाव त्याला फोन.” ऑफिसच्या फोनवरून लावला. माझ्या खिशात वाजला. मॅडम म्हणाल्या, “आधी तुझा घे.”

तुमचा आज्ञाधारक (आजवर तरी) भाचा

ता. क. शुक्रवारी दादाला (तुमच्या चिरंजीवांना) तासभर पाठवाल का? सभासद क्रमांक एक म्हणून नुसते उभे राहायचे आहे. नाहीतर माझी नोकरी आणि तुमचा शब्द, दोन्ही जातील.

ता. ता. क. दादाला पाठवू नका. त्याचा नंबर लिहून घेताना लक्षात आले, गच्चीवाला तोच. (खात्री करायला जिने चढू नका, गुडघ्यांना झेपणार नाही.) मॅडमना मीच खरे सांगतो. तुम्ही फक्त रोज चार वाजता (तेव्हाच सर्वांत जास्त ओढावेसे वाटते) मला फोन करून एक सणसणीत शिवी द्या. माझ्या मेसेजांनी मी सुटेन असे वाटत नाही.