नावाची ओळ

३ जून
आज धुळ्यात रुजू झालो. देवपुरात संस्थेच्या कार्यालयामागेच खोली मिळाली, खिडकी उघडली की पांझरा नदीवरचा वारा थेट आत. धरणगावहून आईने कळण्याची भाकरी आणि भरीत बांधून दिलं होतं. कार्यालयात चहापाणी बघणाऱ्या बेबाबाईंनी ते चाखलं आणि तोंडभरून कौतुक केलं. पहिलाच दिवस आणि घरच्यासारखं वाटलं.

संस्थेच्या शाळा आहेत, कॉलेज आहे, सातपुड्याकडच्या मुलींसाठी वसतिगृह आहे. सगळ्यांची मिळून एक वेबसाइट, ती आता माझ्याकडे. सचिव प्रेमराज नाना म्हणाले, साइट जुनी झालीय, तुमच्या हाताने नवी करा. हेडक्लार्क जीवराम आबांनी खुर्ची स्वतः पुसून दिली. मला वाटलं, माझ्या मानासाठी. मग म्हणाले, पुनमताईंची खुर्ची आहे ही.

पुनम म्हणजे माझ्या आधीची. साइट तिने एकटीने उभी केली. लग्न होऊन दीपनगरला गेली, नवरा तिथल्या वीज केंद्रात आहे.

११ जून
साइट फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालते. फुकटचं म्हणजे वाईट नव्हे. कुठकुठले लोक आपली नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, हौसेने ते लिहितात. कुणी मुख्य सांगाडा लिहितो, कुणी त्याला जोडायचे छोटे प्लगिन. अडचण एवढीच, की सांगाडा पुढे जातो आणि प्लगिन लिहिणाऱ्याला तेव्हा वेळ नसतो. मग आपण मध्ये लटकतो.

आज अपडेटचं बटण दाबलं आणि वसतिगृह प्रवेशाचं पान पांढरंफटक झालं. ऐन प्रवेशाचे दिवस. फोन थांबेनात. शिरपूरच्या पलीकडून सरिता नावाची मुलगी अर्ज भरायला वडिलांबरोबर आली होती, दोघं दुपारभर ओट्यावर बसून राहिले. शेवटी बॅकअप टाकून जुनी साइट परत आणली.

आबा सहज म्हणाले, पुनमताईंच्या वेळेला असं कधी झालं नाही. बेबाबाईंनी मान डोलावली. ताईला एक फोन लावा ना, असंही म्हणाल्या.

लावला नाही. लावणार नाही.

१८ जून
प्रवेशाचा प्लगिन कुणी लिहिला ते आज पाहिलं. पुनमने. आमच्यासाठी लिहिला आणि मग जगाला वाटून टाकला. किती शाळा, किती आश्रमशाळा तो वापरतात. हे सॉफ्टवेअर वापरणारे ज्या फोरमवर बोलतात, तिथे लोक तिचे आभार मानतात, कुठल्या कुठल्या भाषांत.

तीन वर्षं मी त्याच फोरमवर दुरुस्त्या पाठवतोय. एकदाही माझी दुरुस्ती कुणी घेतली नाही.

खोट्या नावाने तिथे प्रश्न टाकला. तासाभरात तिचं उत्तर. चूक नेमकी दाखवली होती, आणि खाली लिहिलं होतं, देवपूरच्या साइटवर हेच होत असणार, आबांच्या गुडघ्याचं कसं आहे? तिने मला ओळखलं. एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

इथे माझ्याबद्दल कुणाची तक्रार नाही. फक्त सगळ्यांना तिची आठवण येते.

२५ जून
आज केलं.

तिचा प्लगिन उतरवून घेतला, तिने सांगितलेली चूक दुरुस्त केली. या सॉफ्टवेअरचा नियम साधा असतो. वापरा, बदला, पुढे द्या, फक्त मूळ लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. सगळ्यात वर एकच ओळ होती, लेखक : पुनम. ती पुसली. लिहिलं, लेखक : कुंदन. आणि नवी आवृत्ती म्हणून सगळ्यांसाठी फोरमवर ठेवली.

अपडेट एका फटक्यात झाला. प्रवेश सुरू झाले. नानांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. १४ जुलैच्या वर्धापनदिनाला सत्कार करू म्हणाले.

एक बारीकशी गोष्ट. साइटवर जुन्या वर्धापनदिनाचा फोटो आहे, त्यात पुनम मधल्या खुर्चीवर होती. आता खुर्ची रिकामी दिसते. ब्राउझरने जुनं काहीतरी धरून ठेवलं असेल.

१ जुलै
चहा पिताना मुद्दामच विषय काढला. म्हटलं, पुनमताई असत्या तर त्यांनाही हे काम जमलं असतं का? आबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, कोण पुनम?

मला वाटलं, चेष्टा. बेबाबाईंना विचारलं. तिच्या लग्नात या बाई रडल्या होत्या, स्वतःच मला सांगितलं होतं. म्हणाल्या, या खुर्चीवर तुमच्या आधी कुणीच नव्हतं.

फोरमवर तिचं एकही उत्तर नाही. आभार आहेत, पण माझ्या नावाने.

भीती वाटायला हवी होती. खरं लिहितो, आधी बरं वाटलं. जेवताना दोनदा एकटाच हसलो.

६ जुलै
राहवलं नाही. दीपनगरला जाऊन आलो. वसाहतीत तिच्या नवऱ्याचं, रतिलालचं घर विचारत गेलो. दार त्यानेच उघडलं. माणूस साधा, शिंदखेड्याकडचा. म्हणालो, पुनमताईंना भेटायचं होतं. म्हणाला, घर चुकलात, माझं लग्नच झालेलं नाही.

मागे स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन ताटं वाढलेली होती. माझी नजर गेली तशी तो ओशाळला.

“मी एकलाच ऱ्हास,” तो म्हणाला. “पन रोज हात दोन ताटं मांडस. का मांडस, माले समजत नही.”

मग खाली बघून म्हणाला, की दुसऱ्या ताटातलं तो नंतर खात नाही. गायीला घालतो. खाववत नाही.

बसमध्ये भुसावळपासून धुळ्यापर्यंत डोळा लागला नाही.

८ जुलै
तिचं नाव परत टाकायला हवं. काम काही क्षणांचं आहे. फाइल उघडली, ओळ समोर आहे.

पण मंडपवाला येऊन गेला. पत्रिकेवर माझं नाव छापून आलंय. आई पहिल्यांदा धुळ्याला येणार, नवी साडी घेतली म्हणाली. पुनमचं नाव आज टाकलं तर आबांना सगळं आठवेल, नानांनाही. मग सत्कार कुणाचा?

सहा दिवस. सहा दिवसांनी टाकतो. रतिलालला तसंही काही आठवत नाही.

१४ जुलै
सत्कार झाला. शाल, श्रीफळ. आई पहिल्या रांगेत होती, डोळे पुसत होती. नाना बोलायला उठले आणि नावापाशी अडखळले. पत्रिका उलटीसुलटी करून बघत राहिले. शेवटी, आमचे हे संगणकवाले, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उकाड्याने झालं असेल. वय झालंय त्यांचं.

१५ जुलै
सकाळी पहिलं काम तेच. नाव बदलायला गेलो. फोरम म्हणतो, परवानगी नाही.

प्लगिनची नवी आवृत्ती आली आहे. माझी नाही. कुणीतरी उतरवून घेतली, दुरुस्त केली, परत ठेवली. आमच्या साइटवर ती आपोआप अपडेट झालीसुद्धा. वरची ओळ : लेखक : बन्सीलाल.

कोण हा? त्याला लिहिलं, माझं नाव काढण्याचा हक्क तुला कुणी दिला. लिहिताना कान तापले. लाज वाटायला हवी होती, पण रागच आला.

१६ जुलै
बन्सीलालचं उत्तर आलं. सभ्य आहे. म्हणतो, उतरवून घेतलं तेव्हा वर तुमचं नाव होतं, पण फाइलच्या पोटात जुनं नाव पुसल्याच्या खुणा होत्या. तुम्ही पुसू शकता तर मीही पुसू शकतो असं वाटलं. साहेब, लोक माझं किती कौतुक करताहेत.

बेबाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. माझ्यासमोरून ट्रे तसाच नेला.

वर्धापनदिनाच्या फोटोत शाल दिसते. शाल हवेत—

१७ जुलै
आबा आले. अदबीने म्हणाले, भाऊ, पालकांनी बाहेर बसायचं, ही जागा कर्मचाऱ्यांची आहे. मी म्हटलं, आबा, मी कुंदन. ते हसले. अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं.

खोलीला दुसरं कुलूप.

आईला फोन केला.

“कोन बोली ऱ्हायना?”

म्हटलं, आई, मी. तुझा कुंदन.

“माले पोऱ्याच नही, भाऊ,” ती म्हणाली. आवाज मऊ होता, मला वाईट वाटू नये म्हणून. “राँग नंबर लागना तुमना.”

फोन ठेवला नाही तिने. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, तरी भाऊ, जेवलात का—

मीच ठेवला.

१८ जुलै
कॉलेजच्या संगणक खोलीत आहे. कुणी हटकत नाही. कुणाला दिसतच नाही बहुतेक.

जुना बॅकअप सापडला. पहिल्या अपडेटच्या आधीचा. तो उघडतो, त्यात बदल करता येतो. ओळ एकच आहे, तिथलं पुनमचं नावही गेलेलं. दोन नावं टाकून पाहिली, एकच राहतं.

तिचं टाकलं. पुसलं.

माझं टाकलं. आई—

रतिलालचा चेहरा. माझं पुसलं.

तिला किती मिळालं होतं आधीच. सगळे तिचेच. मला एक दिवस मिळाला फक्त, एक शाल—

परत तिचं टाकलं. जतन करायच्या आधी परत पुसलं. कितव्यांदा, माहीत नाही. बाहेर मुली हसताहेत, वसतिगृहाच्या. बोटं बधिर. कळ दाबली जाते, आवाज येत नाही.

पडद्याची काच दिसते. काचेत मागची भिंत दिसते. मी मध्ये बसलोय, तरी भिंत दिसते.

नको मला. खरंच नको. तिचंच टाकतो आता, शेवटचं, देवाशप्पथ तिचंच, पण कळ दाबतोय आणि पडद्यावर काहीच