सत्तेचाळीस नंबरची थरथर

प्रिय दादा,

अक्षर बारीक आलंय, तेव्हा आधी चष्मा शोध आणि मग नीट बसून वाच. वहिनीला वाचून दाखवायला सांगू नकोस, हे तुझ्या एकट्यासाठी आहे. तुला वाटेल, एक दिवसाआड फोन करून डोकं खाणारी ही बाई आज पत्र कशाला लिहितेय! फोनवर तू मला दोन वाक्यांत पकडतोस, म्हणून. शिवाय फोन कानाला लागला की मी घरभर फिरते आणि जे सांगायचं ते सोडून बाकी सगळं सांगते. कागदापुढे निदान एका जागी बसावं लागतं. तेही धड जमत नाहीये. एवढ्या चार ओळी लिहिताना मी दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले.

बातमी अशी, की आपल्या सिंथची, त्या आवाज बनवायच्या जुन्या सिंथेसायझरची, बॅटरी अखेरच्या घटका मोजतेय. मागच्या शनिवारी मी मागची खोली आवरायला काढली (आवरायला म्हणजे या कोपऱ्यातला पसारा त्या कोपऱ्यात), त्याच्यावरची चादर झटकली आणि सहज बटण दाबलं. सहा वर्षांनी! सुरू झाला लेकाचा. पण पडद्यावर पहिली ओळ आली ती बॅटरी संपत आल्याची. मी लगेच आपल्या सोल्डरवाल्याला बोलावलं. तो होता तसाच आहे, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि तिसरा हरवलाय म्हणून कुरकुर. त्याने मागचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि कुणाच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखा हळू आवाजात बोलायला लागला. बॅटरी आत डाग देऊन पक्की बसवलेली आहे. दहा वर्षं चालायची ती हट्टाने तीस वर्षं चालली. आपण साठवलेले सगळे आवाज तिच्याच जिवावर उभे आहेत, आणि ती काढली की चौसष्टच्या चौसष्ट जागा पुसल्या जाणार. बाहेर उतरवून घ्यावेत तर साठवलेलं दुसऱ्या यंत्रात पाठवायचं त्याचं भोक कधीच निकामी झालंय. एकच उपाय आहे म्हणाला. दुसरी बॅटरी तात्पुरती बाजूला जोडायची आणि ती जोडलेली असतानाच जुनी काढायची. जमेल बहुतेक, पण हात हलला तर गेलं सगळं. मी त्याला पुढच्या गुरुवारी दुपारची वेळ दिलीय. त्यातले अर्धे आवाज तुझे, म्हणून तुझी परवानगी हवी. पत्राचं हे एक कारण झालं.

तर शनिवारपासून माझा उद्योग काय, तर मास्तर शाळेत गेले की मागची खोली गाठायची, कानाला हेडफोन लावायचे आणि एक नंबरपासून पुढे ऐकत बसायचं. बसायचं म्हणतेय, पण तीन आवाज झाले की मी उठते, खिडकी उघडते, परत येते, खिडकी लावते. मास्तरांनी एकदा विचारलं, की एवढं त्या डबड्यात आहे काय. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि हे आत्ता विचारतायत! मग त्यांना स्वयंपाकाच्या ओट्यावर चार वाट्या मांडून समजावलं. चार कोपऱ्यांत चार सूर, एकात घंटा, एकात फुंकर, एकात तार, एकात माणसाच्या गळ्यातला आ. मधे ही दांडी. ती घंटेकडे झुकवली की घंटा मोठी होते, तारेकडे नेली की तार पुढे येते आणि घंटा मागे सरते, मधोमध ठेवली की चौघं एकत्र गातात. इथवर त्यांना पटलं. मग मी सांगितलं, की दांडी कशी कशी फिरवली हेही ते यंत्र लक्षात ठेवतं. सूर दाबला, की ज्याने फिरवली त्याचा हात पुन्हा तसाच फिरतो, माणूस समोर नसला तरी. मास्तरांनी वाट्या उचलून जागेवर ठेवल्या.

तुझी वही सापडली, प्रत्येक आवाजाला नंबर, नाव, तारीख आणि कुणाचा हात ते लिहिलेली. नावं वाचून एकटीच हसत सुटले. इन्स्पेक्टरचे बूट. दंतवैद्य. मावशीची हाक. ओला जिना. तो ओला जिना रेडिओच्या नाटकात वाजला तेव्हा लेखकाने तुला विचारलं होतं, की पाणी नक्की कुठून आणलंत, आणि तू तोंड वाकडं न करता सांगितलंस, की नळातून. आपला नियमही पहिल्याच पानावर आहे, माझ्या अक्षरात, कारण तुझं तेव्हाही कोंबडीच्या पायांचं होतं: दोघांनी होकार दिल्याशिवाय काही साठवायचं नाही. त्यापायी किती भांडलो! तीस वर्षांत चौसष्टपैकी एकसष्टच भरले. शेवटचे तीन अजून रिकामे आहेत.

नऊ नंबर माझा आहे, पहिल्या वर्षातला. घंटेपासून तारेपर्यंत सरळ रेघ. बारा नंबर तुझा, त्याच महिन्यातला, फुंकरीपासून गळ्यापर्यंत, आणि त्याहूनही सरळ. आठवतं, आपली पैज लागली होती, की चौदा सेकंदांत दांडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात कोण न अडखळता नेतो? तू जिंकलास आणि आठवडाभर मला चहा करायला लावलास. मी रविवारी, मास्तर बाजारात गेल्यावर, बारा नंबर वाजवला आणि उगीच रडू आलं. एवढा स्वच्छ हात, दादा! कुठे लाट नाही, कुठे खाच नाही. पट्टी धरून ओढल्यासारखा.

सोमवारी सत्तेचाळीसवर आले. त्या आवाजाबद्दल तुला काय सांगू, त्याच्यावरच तर आपण दोघं जगलो. गळ्याच्या कोपऱ्याशी पोचताना त्यात ती बारीक थरथर येते ना, सुरात सूर कापल्यासारखी, ती ऐकून जाहिरातवाले वेडे व्हायचे. साबण असो, विमा असो, दादाची थरथर हवी. तू साठवायला तयार नव्हतास, आठवतं का? म्हणालास, नीट आली नाही, दांडी सैल झाली असेल, पुन्हा करतो. आणि मी तुझा हात धरून बाजूला केला. वेडा आहेस का, म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या आवाजात जीव आलाय. होकार मी आधी दिला. मग तुझ्याकडून वदवून घेतला.

त्यानंतर मी तुझी नक्कल करायला लागले, हे तुला मी कधी सांगितलं नाही. मी मत्सराने जळत होते. तू बाहेर गेलास की दांडीवर बोटं ठेवून मुद्दाम हलवायचे, मनगट सैल सोडून, कोपर टेकवून, हरतऱ्हेने. कधी जास्त व्हायचं, कधी यांत्रिक. वर्षभराने जमलं. त्रेपन्न नंबर तू ऐकलास आणि म्हणालास, अगं भिंगरी, हा तर माझ्यासारखा आला. मी दिवसभर हवेत होते.

सत्तेचाळीसनंतर पाच वर्षांनी डॉक्टरांनी तुला कंपवात सांगितला. तू आणि वहिनी दवाखान्यातून थेट माझ्याकडे आलात, तू चपला न काढता आत आलास आणि सोफ्यावर न बसता त्या स्टुलावर बसलास. मी तेव्हा काय बोलले ते मला आठवत नाही. बडबडच केली असणार. पण मनात एकच गोष्ट आली, ती आज सांगते. वहीतली तारीख. कुणालाही कळायच्या पाच वर्षं आधी तुझा हात माझ्या कानांनी ऐकला होता, आणि मी म्हटलं होतं, वा! मी तो आजार टाळ्या वाजवून साठवून घेतला, त्याचे साबण विकले, वर त्याची नक्कल केली. तेव्हा ओळखलं असतं तर काही बदललं असतं का, मला माहीत नाही. सहा वर्षं चादर न काढण्याचं कारण मात्र तेच होतं. जागा नाही, वेळ नाही, त्याची एक पट्टी चिकटते, ही सगळी थाप होती.

आणि बाबांचं वर्तमानपत्र. तेही परवा आठवलं. खिडकी बंद, पंखा बंद, आणि त्यांच्या हातात कागद सळसळतोय. आपण दोघं कॉटखाली पडून खिदळायचो, की बाबा वारा वाचतायत. आई आपल्याला गप्प बसा म्हणायची, पण त्यांना काही म्हणायची नाही. त्यांना कुठल्या डॉक्टरकडे नेल्याचं तुला आठवतं का? मला नाही आठवत. वय झालं, एवढंच तेव्हा ऐकलं. तेव्हा त्यांचं वय आज माझं आहे तेवढंच होतं, हे मी बोटांवर मोजून पाहिलं.

आता उठून पाणी पिऊन आले. पुढचं लिहितेच, नाहीतर हा कागद फाडून टाकेन आणि तुला फोन करून पडद्याच्या कापडाबद्दल बोलत बसेन.

मंगळवारी सगळे आवाज ऐकून संपले तेव्हा मनात आलं, की बॅटरी काढायच्या आधी एक नवा आवाज भरावा, बासष्ट नंबर. होकाराला तू नाहीस, पण तात्पुरता चालेल म्हटलं. सोपा घेतला. नऊ नंबरचीच रेघ, घंटेपासून तारेपर्यंत, चौदा सेकंद, न अडखळता. मुद्दाम काही हलवायचं नाही, असं ठरवून केलं. मग सूर दाबून ऐकला, दादा, आणि तारेच्या कोपऱ्याशी तुझी थरथर आली. मला वाटलं, सवय लागली असेल, इतकी वर्षं नक्कल केल्यावर. म्हणून पुन्हा केला. कोपर उशीवर टेकवून केला. श्वास धरून केला. डाव्या हाताने केला, तर रेघ सरळ आली. उजव्या हाताने केला, पुन्हा थरथर. एकतीस वेळा केला आणि मग दांडीवरून हात उचलून मांडीवर ठेवला. तिथेही अंगठा थोडा हलत होता. मी त्याच्यावर दुसरा हात ठेवला आणि मास्तर येईपर्यंत तशीच बसले. कदाचित काहीच नसेल. वयाचं असेल, चहाचं असेल, माझ्या नसत्या काळजीचं असेल. पण माझं अक्षर असं बारीक कधीपासून झालं, हे मला कळलं नाही, आणि तुझं अक्षर आधी तसंच झालं होतं हे मला चांगलं आठवतंय. त्याच गुरुवारी सकाळी अकराला मी तुझ्याच डॉक्टरांची वेळ घेतलीय. मास्तरांना अजून सांगितलेलं नाही. तू वहिनीला कसं सांगितलंस, आधी कुठला शब्द उच्चारलास, ते मला सांग. आणि जमत असेल तर ये, दादा. सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल, तिथून घरी येऊ. सोल्डरवाला तीनला येईल. त्याआधी नऊ आणि बारा लागोपाठ ऐकू, माझा हात आणि तुझा हात, आणि मग तू होकार दे, म्हणजे तो बॅटरी काढेल. सत्तेचाळीसची मला काळजी नाही. तो पुसला गेला तरी आपण दोघं मिळून कधीही पुन्हा काढू शकू. ते दोन मात्र वाचायला हवेत. मला एकटीला खूप भीती वाटतेय. ये.

तुझीच,
भिंगरी