न्क्वोच्या दिवशी चार पिवळ्या गोळ्या

एनुगू,
३ मे १९९४

चि. इहुओमा हिस,
थोरल्या भावाचे अ. आ. वि. वि.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे. आबा शहरातील डॉक्टरांनी तुझ्या संधिवातावर दिलेले औषध, त्याचे सर्व धोके जमेस धरूनही, बाजारातील त्या भुकटीपेक्षा तुझ्या हिताचे आहे.

भुकटीचा पक्ष आधी ऐकू. ती घेतली की तीन तासांत तुझी बोटे मोकळी होतात आणि तू मागावर बसतेस. हे मी नाकारत नाही. परंतु ईस्टरला आलो तेव्हा तुझा चेहरा सुजून गोल झालेला मी पाहिला. भुकटीत काय आहे, हे विकणारा सांगत नाही. ज्याचे धोके लपवलेले आहेत, त्याला निर्धोक म्हणता येत नाही. ती एकदम न सोडता हळूहळू कमी करण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे, यावरून तिचा जोर ओळखावा.

गोळ्यांचे धोके मात्र उघड आहेत. यकृताला आणि रक्ताला त्या त्रास देऊ शकतात, दरमहा रक्त तपासावे लागेल, ताडी बंद. गुण येण्यास दोन-तीन महिने लागतील. पण भुकटी दुखणे नुसते झाकते, आणि या गोळ्या सांध्यांची झीज रोखतात. कासवाची नक्षी अथपासून इतिपर्यंत विणणारे हात आज गावात तुझेच उरले आहेत. तुझी लेक उलोआकू अजून अर्धीच शिकली आहे. ते हात वाचवणे हा या प्रकरणातील मुख्य मुद्दा आहे.

गोळ्या आठवड्यातून एकदाच, चार एकत्र घ्यावयाच्या. रोज घेतल्यास घात होईल. दिवस पक्का करावा असे डॉक्टर म्हणतात. रविवारी तू उपाशीपोटी प्रार्थनेला जातेस, म्हणून रविवार नको. न्क्वोचा बाजार तू अंगात ताप असतानाही चुकवत नाहीस. तेव्हा न्क्वोच्या दिवशी घे, म्हणजे विसरण्यास जागाच उरणार नाही.

प्रकृतीस जप. माझा लोभ तू जाणतेसच.

तुझा,
ओन्येक्वेरे


अक्वेते,
१३ मे १९९४

ती. देदे यांस,
इहुओमाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उलोआकूने मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाली, की आई, मामांच्या निकालावर अपील नसतं, मुकाट्याने गीळ. तशी काल न्क्वोला पहिल्या चार गिळल्या. दिवसभर पोटात ढवळत होतं. सूतवालीने त्याचा फायदा घेतला आणि लाल सुतात मला फसवलं.

ताडी सोडली हे गावभर झालं आहे. शेजारची अडाकू विचारत होती, की मी आता पाद्री होणार की काय. मी तिला सांगितलं, की माझ्या वाटणीचीही तूच पितेस, म्हणजे तुझा तर फायदाच झाला.

भुकटी डॉक्टरांनी सांगितली तशी कमी करते आहे. पहाटे मुठी उघडत नाहीत; कोमट पाण्यात हात धरून बसते. पण विणकाम शिकणाऱ्या पोरी रांगेने मागावर बसल्या, की त्यांच्या चुका बसल्या जागेवरून दिसतात मला. तेवढी नजर अजून शाबूत आहे.

आणि देदे, तुमच्या स्वतःच्या गुडघ्याचा खटला किती वर्षं तहकूब ठेवणार आहात? कळावे, आणि रागावू नये.

तुमची,
इहुओमा


अक्वेते,
६ जून १९९४

ती. देदे यांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी सांगते, मी बरी आहे. आता पुढचं वाचा.

मे महिन्याच्या अखेरीस तोंडात फोड आले. कुटलेला यामचा कंदही गिळवेना. अठ्ठावीस तारखेला न्क्वो होता, म्हणून गोळ्यांची पुडी उघडली, तर ती रिकामी. डॉक्टरांनी महिन्याच्या सोळा गोळ्या दिल्या होत्या, आणि पुढची तारीख नऊ जूनची. इथे काहीतरी उसवलं आहे हे कळलं. बोटांवर मोजलं. न्क्वो दर चार दिवसांनी भरतो, देदे. महिन्याचं औषध मी तेरा दिवसांत संपवलं होतं. तुम्ही दिवस ठरवून दिलात आणि मी मोजणं सोडून दिलं. ताण्याच्या बाबतीत असं मी कधी केलं नसतं.

त्याच दिवशी उलोआकूला घेऊन आबा गाठलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरल्या होत्या. उतारा देऊन पाच दिवस ठेवून घेतलं. आता फोड गेले आहेत आणि पेशी पुन्हा चढल्या आहेत.

पण डॉक्टर गोळ्या पुन्हा द्यायला तयार नाहीत. म्हणतात, की औषध चांगलं आहे, पण जिला दिवसांचा हिशेब राहत नाही, तिच्या हाती ते देणं म्हणजे जिवाशी खेळ. दिवस कोणी ठरवला असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. थोरल्या भावाला परक्यापुढे खाली पाहायला लावणं मला जमलं नाही. कागदावर लिहिलं गेलं आहे, की रुग्णाची चूक.

उलोआकू म्हणते, सोड ती गोळी. पण मी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. धोका होता तो मोजणीत, आणि ती आता सुधारता येते. औषध नसलं तर वर्षभरात बोटं वाकतील, आणि वाकलेली बोटं कुठलाही डॉक्टर सरळ करत नाही. मला गोळ्या हव्या आहेत. डॉक्टरांना कसं पटवावं, तेवढं सांगा. कधी नव्हे ते मागते आहे.

तुमची,
इहुओमा


एनुगू,
११ जून १९९४

चि. इहुओमा हिस,
अ. आ. वि. वि.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. तीस वर्षे न्यायासनावर बसून मी अनेक वकिलांचे युक्तिवाद ऐकले. धोका औषधात आहे की मोजणीत, हा भेद इतक्या स्वच्छपणे मांडणारे त्यांत थोडे होते. तू माझी बहीण आहेस याचा मला अभिमान वाटतो. परंतु माझे नाव राखण्यासाठी तू जे सांगितलेस ते खोटे आहे, आणि ते मी नोंदीत राहू देणार नाही.

सोबतचा कागद डॉक्टरांच्या हाती दे. त्यांनी वाचल्याखेरीज तिथून उठू नकोस.

तुझा,
ओन्येक्वेरे


आबा येथील डॉक्टरांस,

इहुओमा यांच्या नोंदीत 'रुग्णाची चूक' असे लिहिले आहे. ते काढून टाकावे.

गोळ्यांचा दिवस मी ठरवला. लहानपणी आई मला फक्त मोठ्या न्क्वोला नेत असे, आणि तो आठ दिवसांनी भरतो. अकराव्या वर्षी मी वसतिगृहात गेलो तो कायमचाच. मधला लहान न्क्वो माझ्या हिशेबात कधी आलाच नाही. आठ दिवस म्हणजे फार तर एक दिवस उशीर, असे धरून मी निश्चिंत राहिलो, आणि जी दर न्क्वोला बाजारात जाते, तिला विचारले नाही.

रुग्णाने पुडीवरून चूक ओळखली, कारण शोधले आणि त्याच दिवशी ती आपल्याकडे आली. दिवसांचा हिशेब तिला राहतो. तो मला राहिला नाही. औषध तिच्या हाती निर्धास्त द्यावे, आणि दिवस तिलाच ठरवू द्यावा.

चूक माझी.

(सही) ओन्येक्वेरे,
निवृत्त न्यायाधीश, एनुगू