भाऊबिजेचे अनारसे

१९ ऑक्टोबर, रविवार

१९७५ ची दिवाळी. मी दहावीला, धाकटा भाऊ विदू आठ वर्षांचा. मुलुंडच्या ह्याच स्वयंपाकघरात आई अनारसे तळत होती, मी शाळेतल्या सिस्टरनी दिलेली इंग्रजी कविता मोठ्यानं पाठ करत होते, आणि माझा भाऊ ओलं बोट टेकवून ताटलीतली खसखस टिपून खात होता. खसखस सारखी का कमी पडते, आईला कळेना. मी सांगितलं नाही. बस, एवढंच. काही घडलं नव्हतं त्या दुपारी. किती छान होतं ते!

आज मीच अनारसे केले. खसखस हात सैल सोडून लावली. विदूला ब्राउन शुगरशिवाय सात महिने झाले. अठराव्या वर्षी लागली, आता तो अठ्ठावन्नचा. सात महिने सलग – पहिल्यांदाच!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

जोगेश्वरीच्या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन विदूला ओवाळलं. तिथला कुंडलिक स्वतः कधीकाळी घ्यायचा, आता अकरा वर्षं क्लीन. त्यामुळे त्याला सगळ्या युक्त्या ठाऊक. "सॉरी हं ताई, नियम आहे," म्हणाला आणि माझी एकेक करंजी मोडून बघितली. विदू म्हणतो, "अरे, सारण तपासतोयस की खातोयस?" अनारसे तेवढे अखंड सुटले. त्यात लपवणार काय!

विदूनं माझ्यासमोर सहा खाल्ले. "खसखशीचं पोतं उपडं केलंस की काय गं?" दात निम्मे गेलेत, पण हसणं तेच.

२५ ऑक्टोबर

दुपारी कुंडलिकचा फोन. दिवाळीच्या भेटींनंतर सगळ्यांची लघवी तपासतात. पट्टीवर दोन रेघा आल्या तर सुटलात. विदूची एकच आली.

"केंद्र सोडायला सांगितलंय, ताई. सगळ्यांना एकच नियम."

चार वाजता विदू दारात. मी आतलं दार उघडलं, जाळीचं नाही.

"ताई, मी काही घेतलं नाही गं."

आईच्या बांगड्या गेल्या तेव्हा हेच वाक्य होतं. हाच सूर.

"मग पट्टी खोटं बोलते का रे?"

"मला नाही माहीत. आईशपथ नाही घेतलं."

"आईला मध्ये आणू नकोस."

जाळीतून पाण्याची बाटली दिली. त्यानं ती घेतली, जरा थांबला, मग जिना उतरला. सावकाश, कठड्याला धरून.

बंगळुरूहून गंधालीचा फोन – "आई, प्लीज, या वेळी तरी विदूमामाला आत घेऊ नकोस हं." माझीच लेक, माझ्याच काळजीनं बोलते. मी म्हटलं, नाही घेतलं.

२६ ऑक्टोबर

त्याचा फोन बंद.

२७ ऑक्टोबर

बंदच.

३० ऑक्टोबर, गुरुवार

झोप नाही म्हणून सकाळी खसखस भिजत घातली, खीर करायला. शेवंती भांडी घासता घासता म्हणाली, "बरा केलास बाय. आमची आजी पोरांका निजवूक हीच वाटून देय. अफूच्या बोंडातली मां ती!"

मी भिजलेली खसखस बोटावर घेऊन पाहिली. चाळीस वर्षं सणासुदीला ही बी हाताळते आहे. कुठून येते ते ऐकलंही असेल. पण ब्राउन शुगरही त्याच बोंडाची लेक, हे कधी जुळवलंच नाही.

कुंडलिकला फोन केला. विचारलं, खसखशीनंही पट्टीवर एकच रेघ येते का? तो म्हणाला, "वाट लागली, ताई. डबा अजून इथेच आहे. आठ उरलेत."

३१ ऑक्टोबर

कुंडलिकनं काल आठही अनारसे स्वतः खाल्ले आणि आज स्वतःची पट्टी तपासली.

एकच रेघ!

"अकरा वर्षांनी मी पण फेल, ताई." हसला. मग म्हणाला, "त्याला लवकर शोधायला हवं. सात महिन्यांनी माणूस जुन्या अंदाजानं घेतो आणि शरीराला ते झेपत नाही. माझे दोन मित्र तसेच गेले."

शाळेच्या चॅपलमध्ये कॅथलिक मुली कन्फेशनला, जाळीआडच्या फादरना आपली पापं सांगायला जायच्या. आम्ही हिंदू मुली मागच्या बाकावर बसून बघायचो. जाळीपलीकडच्याचं आधी ऐकून घ्यायचं, एवढं तरी मी तिथे शिकायला हवं होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

सापडला! घाटकोपरच्या पुलाखाली. कुंडलिकनं मला फोन केला, मी रिक्षा करून गेले. विदू जिवंत आहे. जिवंत आहे.

खसखशीचं सांगितलं. आधी हसला – "म्हणजे अनारशानं क्लीन बोल्ड केलं मला!" मग मान खाली घातली.

"ताई, तेव्हा नव्हती घेतली. तुझ्या दारातून गेलो, त्यानंतर घेतली. रोज घेतोय."

मी म्हटलं, "चुकलं रे माझं."

"तू तरी काय करणार? चाळीस वर्षं तेच वाक्य वापरून मीच झिजवून टाकलं."

कुंडलिकनं त्याला परत नेलं. उद्या पहिला दिवस. सात महिने गेले – कुणाच्या खात्यात लिहू?

९ नोव्हेंबर

गंधाली, माझ्यामागे ही वही तुझ्याच हाती येईल, म्हणून हे तुला. हे घर आजोबांनी माझ्या एकटीच्या नावावर केलं, विदूमामाला वगळून. बक्षीसपत्रावर मीही सही केली. बावीस वर्षं तो स्वतःच्याच घराच्या जाळीबाहेर उभा राहत आला.

शुक्रवारी वकिलांकडे जाऊन आले. माझे दागिने आणि पुस्तकं तुझी. पितळेची भांडी शेवंतीची. घर विदूमामाचं. किल्ली त्याच्याच हातात दे. पट्टी मागू नकोस.

पुन्हा घेतली असली तरी.