आईसाठी पांढरे कापड

हलब (अलेप्पो), सीरिया
३ ऑक्टोबर २०२५

चि. सफ्वान यास नुहादताईचे आशीर्वाद, रागासकट. वि. वि.

अडचणीचा विषय निघाला की तुला फोनवर माझा आवाज येईनासा होतो, म्हणून हे पत्र हाशिमच्या टॅक्सीतून पाठवीत आहे. कागदापुढे ती सबब चालत नाही.

आईची प्रकृती बरी आहे. तिचे अखेरच्या प्रवासाचे गाठोडे मात्र अपुरे आहे. तमालाच्या तेलाचा साबण आहे, कापूर आहे. कफनाचे कापड नाही. बाबांनी तिच्यासाठी स्वतः विणलेले कापड लढाईच्या वर्षी बाबांच्याच अंगावर गेले, कारण त्या दिवशी गल्लीत एकही दुकान उघडे नव्हते. तेव्हापासून तिची एकच मागणी आहे, आपल्याला हलबच्या मागावरच्या कापडात न्यावे. सत्याऐंशी वर्षांच्या बाईची ही मागणी अवाजवी नाही. विणकरांच्या या गावात ती पुरी होऊ नये, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही.

मी सगळा बाजार पालथा घातला. टॉवेल बाहेरचे, चादरी बाहेरच्या, लहान मुलांची झबलीसुद्धा बाहेरची. आणि हे सांगताना दुकानदारांची मान खाली जाण्याऐवजी वर होते. अस्सल तुर्की आहे उस्ताझा, डोळे मिटून घ्या, असे मला सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी भूमिती शिकवलेली आहे. त्यांच्या उत्तरपत्रिकाही मी कधी डोळे मिटून तपासल्या नाहीत.

शेवटी अबू रातिबने फळीवरून एक तागा काढला आणि हा हलबचाच, अशी शपथ घेतली. मी एक धागा ओढला आणि काडी लावली. सूत जळते तेव्हा राख होते आणि कागदाचा वास येतो. याचा काळा मणी झाला, म्हणजे धागा सुताचा नव्हेच. अबू रातिबने माझ्या हातातली आगपेटी काढून घेतली आणि मेलेला माणूस कापडावरचा गावाचा शिक्का कुठे विचारतो, असे मलाच विचारले. मी त्याला म्हटले, मेलेला विचारत नाही हे ठाऊक आहे म्हणूनच तू हे विकतोस.

बाबांचे माग तू तिकडे नेलेस, तेव्हा शांतता झाली की परत आणीन म्हणाला होतास. आता काय ऐकू येत नाही, बंदुका की मी?

उत्तर नीट अक्षरात लिही. लोभ आहे, तो वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावरून ठरवीन.

नुहाद


गाझियांतेप, तुर्कस्तान
१२ ऑक्टोबर

ती. ताईस सलाम, आणि आगपेटीला लांबून सलाम. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात मोठ्यानं वाचलं. सगळी माणसं पोट धरून हसली. ही सगळी आपल्याच गल्लीतली माणसं, ताई. मागाचा धोटा त्यांच्याच हातातून पळतो. मग कापड कुणाचं म्हणायचं?

परत येऊन करू काय? तुझ्याकडे वीज येते कधी आणि जाते कधी, ते विजेलाही ठाऊक नसतं. सूत बाहेरून आणायचं, त्यावर कर भरायचा, आणि विणून झालं की अबू रातिब म्हणणार, गावचं आहे ना, मग निम्म्यात द्या. तोच माल मी इथला शिक्का मारून पाठवला की तो दारात उभा राहून वाट बघतो. तू ज्या टॉवेलांना शिव्या घालत फिरलीस, त्यातले थोडे माझे असतील. माझ्या वाटच्या शिव्या पोचल्या.

आईसाठी हाशिमबरोबर कापड पाठवतोय. निव्वळ सुती आहे, हवं तेवढं जाळून बघ. काठाला बाबांचा निळा दुहेरी धागा आहे, चांगल्या मालाला मी तोच घालतो. तिला सांग, घरचंच आहे.

रागाव, पण जेवत जा.

तुझा सफ्वान


हलब
२१ ऑक्टोबर

चि. सफ्वान यास, आशीर्वाद या वेळी हात आखडता घेऊन. वि. वि.

कापड पोचले. जाळले, राखच झाली. कापडात काहीही दोष नाही, म्हणूनच मला अधिक संताप आला.

आईने काठावरून अंगठा फिरवला आणि निळ्या धाग्यापाशी थांबली. मग घडी उलटली, कोपऱ्यावरचा शिक्का तिला दिसला, आणि तिने मला तो वाचायला सांगितला. ती लिपी तिला येत नाही. मला येते. मी आयुष्यात कुणाला चुकीचे उत्तर बरोबर म्हणून दिलेले नाही, आणि आईपासून सुरुवात करणार नव्हते.

वाचले. तिने घडी मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि सांगितले की याचे पडदे शिव. नवऱ्याचा काठ आणि परक्या गावाचा शिक्का अंगावर घेऊन मी त्यांच्या शेजारी जाऊन निजू कशी, ते विचारतील ना, म्हणाली. आणि हलबचे कापड मिळेपर्यंत आपण मरणार नाही, तेव्हा आपल्या जेवणातले मीठ उगाच कमी करू नका, हेही वर ऐकवले.

पडदे शिवले आहेत. अबू रातिब आपले घरभाडे न्यायला आला होता. तो काठ पाहून म्हणाला की हा तर उत्तम तुर्की माल, दोन वर्षे मी हाच विकतो आहे. बाबांचा काठ, सफ्वान! ज्या काठासाठी बाबांनी आख्खे ठाण उसवल्याचे तू स्वतः पाहिले आहेस, तो काठ त्यांच्याच गल्लीत परका म्हणून खपतो आहे, आणि ती सोय तू करून दिली आहेस. तुझ्या अडचणी मी वाचल्या. त्या खऱ्या आहेत. पण खऱ्या अडचणी सांगून तू शिक्का खरा करू शकत नाहीस.

खालची खोली मी झाडून घेतली आहे. हातमागाला वीज लागत नाही. बाबांचा अक्रोडाचा जुना माग घेऊन ये.

लोभाविषयी पुढच्या पत्री.

नुहाद


सीमेवरून
९ नोव्हेंबर

ती. ताईस सलाम. वि. वि.

मी आणि माग सकाळपासून इथे बसलोय. हाशिम पुढे निघालाय, त्याच्या हाती ही चार ओळींची चिठ्ठी.

अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा आहे. माग कुठला, म्हणाला. म्हटलं, हलबचा, इथूनच गेला, त्याच घरी परत चाललाय. पुरावा मागितला. लाकडावर सुतारानं कोरलेलं नाव दाखवलं, तर म्हणतो की हे सरकारी नाही. शेवटी परदेशी जुनी यंत्रं या सदराखाली नोंद झाली. बाबांचा माग! मी इतका ओरडलो की रांगेतली माणसं मला पाणी द्यायला आली. ताई, तुझा राग मला आजवर विनोदी वाटायचा. आता तसं वाटत नाही.

सही केली, दुसरा इलाज नव्हता. संध्याकाळपर्यंत पोचेन. आठवडाभर राहतो, आईचं कापड विणतो आणि परत. आंबट चेरीतले कबाब करून ठेव. भांडण जेवल्यावर.

सफ्वान


हलब
२ डिसेंबर

चि. सफ्वान यास नुहादताईचे अनेक आशीर्वाद, या वेळी हात राखून न ठेवता. वि. वि.

तू तिकडे परत सुखरूप पोचल्याचे कळले. तू गेलास त्या दिवशी आईने तू इथे विणलेल्या ठाणातला धागा स्वतः काडी लावून जाळला, वास घेतला आणि मान हलवली. शिक्क्याचा कोपरा मोकळा होता. तिथे हलब असे माझ्याकडून शाईने लिहून घेतले. मला वाटले आता हे गाठोड्यात जाईल. तिने मला ते अबू रातिबच्या दुकानात नेऊन ठेवायला सांगितले.

मी तिच्याशी भांडले. मुलगा सीमेवर ताटकळला तो याच्यासाठी का, असेही विचारले. तिने मला वर्गातल्या मुलीसारखे गप्प केले. म्हणाली, "मुलानं आणून दिलं ती भेट झाली. मला भेट नको. मी दुकानात जाईन, हलबचं कापड द्या म्हणेन, आणि त्यानं फळीवरून काढून द्यायला हवं. तसं मिळेल तेव्हा माझं मी आणीन."

अबू रातिबने शिक्का कुठे आहे विचारले. मी माझे अक्षर दाखवले. तो कुरकुरला, पण ठाण पुढे लावले. दुपारी एक बाई नातवाच्या दुपट्यासाठी ते घेऊन गेली. काठ तिने ओळखला आणि तो बाबांच्या नावाने ओळखला. तिच्या आईच्या रुखवतात तसे कापड होते. काल अबू रातिब स्वतः जिना चढून आला आणि आणखी आहे का, असे विचारू लागला. मी त्याला अर्धा तास सुनावले. त्याने ते ऐकून घेतले, यावरून त्याला कापड खरोखरच हवे असावे.

फळीवरच्या एका ठाणाने दुकान होत नाही. तिथे कापड नेहमी असेल तेव्हाच आई आपले विकत आणणार आहे, आणि ते गाठोड्यात गेले की तिला थांबवणारे काही उरणार नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. कालपासून हा हिशेब मला सोडवता येत नाही. म्हणून एवढेच लिहिते की माग खाली उभा आहे, उभ्या धाग्यांचा ताणा मी भरून ठेवते आहे. कायमचा ये, उद्याच ये.

आणि आलास की सावकाश विण.

नुहाद