एकशे बाराव्या पानापुढे

मी, कमळाकर बाळाजी भोईर, वय ६८, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, पूर्वीचा धंदा जीन्सचा कटिंग मास्टर, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचा भरवसा डॉक्टर देत नाहीत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही; घरात दबाव टाकायला कुणी उरलेलंही नाही.

१. बेलवलीची खोली स्वकष्टाची आहे. ती मुलगा दिपेश आणि मुलगी नेत्रा यांना निम्मी निम्मी. दिपेश म्हणेल, ती नऊ वर्षं इकडे फिरकली नाही. बाबा रे, त्याला कारण मी आहे. त्याची शिक्षा तिच्या हिश्श्याला नको.

२. माझी मोठी कात्री कॅम्प तीनमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यातला कारागीर राजू याला. त्या कात्रीने कागद कापू नये, धार जाते.

३. कारखान्याचे मालक प्रीतमशेठ यांना काही नाही. का, ते लिहितो. नेत्रा बी.ए.ला इंग्रजी साहित्य शिकत होती. संध्याकाळी ती एक कादंबरी वाचून मराठीत सांगायची आणि माझी पत्नी सगुणा जीन्सचे धागे कापत ऐकायची. पोरगी इंग्रजी शिकते म्हणून मी गावभर मिरवत होतो. दुबईच्या गिऱ्हाइकाचा फोन यायचा होता, तेव्हा मीच तिला इंग्रजीत बोलायला कारखान्यात नेलं. समोरचा भराभर मालाचं बोलत सुटला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. प्रीतमशेठ सगळ्यांदेखत हसले, "मास्टर, इसको इंग्लिश कहाँ आता है?"

रिक्षात ती म्हणाली, "पप्पा, आम्ही गोष्टी वाचतो, कविता वाचतो. फोनवर धंदा करायला नाय शिकवत तिथे." मला ते पटलं नाही. घरी येऊन मी तिची पुस्तकं पेटीत कोंबली, कुलूप लावलं आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म तिच्यासमोर फाडला. एवढ्याशा हसण्यापायी. चूक शेठची नव्हती. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही, कारण स्वतःलाही करता आलेलं नाही.

नेत्रा त्याच आठवड्यात घर सोडून गेली. बुवापाड्यात राहते, औषधांच्या कंपनीत पॅकिंग करते. इथून एकाच स्टेशनाचं अंतर आहे. सगुणा चोरून डबा घेऊन जायची आणि मला कळू नये म्हणून दारातूनच परत फिरायची. मला कळत होतं. मोठा डबा मीच आणून ठेवला होता. मी मात्र एकदाही गेलो नाही.

४. पेटीतली सर्व पुस्तकं नेत्राची. दोन वर्षांपूर्वी सगुणा गेली, तेव्हा मी कुलूप उघडलं आणि नेत्राची ती कादंबरी वाचायला घेतली. माझं शिक्षण सातवी. पण आईला सांगता यावं म्हणून नेत्राने अवघड शब्दांखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले आहेत. त्यांच्या आधाराने रोज चार ओळी वाचल्या. एकशे बाराव्या पानावर एक मुलगी बापाचं घर सोडून घोडागाडीत बसते. तिथे पेन्सिल थांबली आहे. मी पुस्तकं हिसकावली तेव्हा नेत्रा तिथवर वाचत आली होती. दिपेश म्हणतो, मोबाईल अर्थ सांगतो. मला मोबाईलकडून ऐकायचं नाही.

५. सगुणाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. दिपेशने नाही नाही ती वचनं दिली. शेवटी लांब उभी असलेली नेत्रा पुढे आली, वाकून बराच वेळ पुटपुटली, आणि कावळा आला. ती माझ्याकडे न बघता निघून गेली. शेजारच्या वेणूबाईंनी तिला गाठून विचारलं, तर म्हणाली, "मम्मीची गोष्ट अर्धी राहिली होती. मी मागाहून दुसरीकडून वाचली, आज पुरी सांगितली."

म्हणून माझ्या दहाव्याला कावळा अडला तर कुणी घराचं, देवाचं काही कबूल करू नये. वेणूबाईंनी नेत्राला निरोप द्यावा. तिने यावंच असा माझा हक्क नाही. आली, तर ती घोडागाडीतली मुलगी पुढे बापाच्या घरी परत येते का, एवढं सांगावं. येत नसेल, तर तसंच सांगावं. कावळ्यासाठी गोष्टीचा शेवट बदलू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्यादेखत सही केली.

सही: कमळाकर बाळाजी भोईर

साक्षीदार:
१. वेणूबाई पाटील, शेजारी (नेत्राचा पत्ता यांच्याकडे आहे)
२. सदू म्हात्रे, बेलवली

ठिकाण: बेलवली, बदलापूर पश्चिम
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५