नऊ-सोळांशच्या पान्याची खाच

मी, क्लिफर्ड जोसेफ ब्रूसार्ड, वय ६४, राहणार लेक चार्ल्स, लुइझियाना, धंदा कंत्राटी विमान मेकॅनिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. उद्या सकाळी इथल्या इस्पितळात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे.

१. घर म्हणजे माझा ट्रेलर. जिथे काम निघालं तिथे एकतीस वर्षं ओढत नेला. तो आणि बँकेतली शिल्लक मुलगी रेने हिला.

२. पुस्तकं कामगार संघटनेला. त्यांतली वाक्यं मी हँगरमध्ये पिंपावर उभा राहून गर्जलो. "न पाहता सही करणारा मेकॅनिक खोटी शपथ घेतो," हे मात्र माझं स्वतःचं. ते मीच मोडलं.

३. हत्यारांची पेटी. आमच्याकडे हत्यारं ज्याची त्याची. पेटीच्या खणात फोम, त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच; पाळी संपली की प्रत्येक खाच भरलेली पाहायची, मगच विमान सोडायचं. परवा मंगळवारी विमानाच्या शेपटीत काम करताना छातीत कळ आली आणि मी खण न उघडताच "सर्व हजर" अशी सही ठोकली. काल उघडला, तर नऊ-सोळांश इंचाच्या पान्याची खाच मोकळी. विमान प्रवासी घेऊन गेलेलं.

फोरमन वेन्डेल गिड्री म्हणाला, "क्लिफ, तुझ्याच गाडीत पडला असेल. गप्प बस, नाहीतर उद्यापासून घरी बस." त्याला माझी आरामखुर्ची ठेवतो. गप्प बसायला बरी आहे.

मी विमान खात्याला कळवलं. विमान मेम्फिसला अडवलं आहे. रेनेही मेकॅनिक, ती तिथे गेली आहे. निघताना म्हणाली, "पपा, लायसन्स जाईल तुमचं."

"जाऊ दे, पोरी. माणसं नको जायला."

पेटी तिला. पाना मिळाला तर खाचेत ठेवावा आणि हत्यारं मोजताना बोट लावून मोजावीत. नुसती नजर फिरवू नये.

४. पाना दिसेपर्यंत मी या कागदावर सही करणार नाही. साक्षीदार दुपारपासून ताटकळले आहेत. फादर लान्ड्री म्हणाले, "आधी सही करून टाक बाबा, उद्याचा काय भरवसा?"

"फादर, मंगळवारी तेच केलं होतं."

५. संध्याकाळी पाच चाळीस. रेनेचा फोन. "पपा, सापडला. सुकाणूच्या केबलला टेकून होता. सी. जे. बी. कोरलंय."

फोटो पाठव म्हटलं. पाहिला.

आता सही करतो.

क्लिफर्ड जे. ब्रूसार्ड
लेक चार्ल्स, १४ मार्च २०१९

आमच्यासमक्ष, फोटो पाहिल्यावर सही केली:
फादर युजीन लान्ड्री
ओडेल प्रेजाँ, शेजारची खाट